बाणकोटास आलेली स्कॉटिश उपासना

सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, तिच्या दक्षिण तीरावर, बाणकोटचा किल्ला उभा आहे. १७५६ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. हे नाव राणीवरून पडले असे पुष्कळांस वाटते. परंतु त्या राणीचा जन्म व्हावयास तेव्हा साठांहून अधिक वर्षे अवकाश होता. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचे ठाणेही प्रथम येथेच होते. पुढे ते रत्नागिरीस गेले. अशा या बंदरात १८२३ साली डोनाल्ड मिचेल नावाचा एक स्कॉच पाद्री येऊन राहिला. हा गृहस्थ पूर्वी कंपनीच्या पलटणीत अधिकारी होता. नोकरी सोडून तो स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला प्रचारक म्हणून परत आला होता. त्यास देशावर जावयाचे होते. पण राज्य नुकतेच हाती आलेले, पुण्याचा ब्रह्मवृंद अस्वस्थ. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी पुण्याकडे धर्मोपदेशक जाऊ देण्याचे नाकारले. म्हणून कोकण. त्याच वर्षअखेरीस मिचेल वारला. त्याच्या मागोमाग जेम्स मिचेल, कूपर, क्रॉफर्ड, स्टीव्हन्सन, नेस्बिट असे एकेक जण बाणकोट आणि हर्णे येथे आले. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईस उतरले ते मराठी शिकण्यासाठी आधी इकडेच येऊन राहिले.

श्रोतेहो, या मंडळींविषयी आपणांस जे ठाऊक असते ते बहुधा त्यांच्या शाळांविषयी. विल्सन कॉलेजचे नाव कोणास ठाऊक नाही? परंतु ही माणसे आपल्या देवाची आळवणी कशी करीत, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते त्यांच्या इतिहासाचा सर्वांत मनोवेधक भाग तोच आहे. देवापुढे काय गावे आणि काय वाजवावे, या एका प्रश्नावर त्यांच्या देशात तीनशे वर्षे वाद चालला. आणि तोच प्रश्न त्यांच्या पाठोपाठ आपल्या किनाऱ्यावर उतरला.

कोकणच्या माणसाला ख्रिस्ती उपासना म्हटली की गोवे किंवा वसई आठवते. मेणबत्त्यांच्या रांगा, सोनेरी मुलाम्याची वेदी, मरियेची मूर्ती, धुपाचा वास, वर सज्जात व्हायोलिन. डिसेंबरातल्या सणास आपण नाताळ म्हणतो तो शब्दसुद्धा पोर्तुगीज. बाणकोटास आलेल्या स्कॉच मंडळींच्या उपासनेत यांतले काहीही नव्हते. मूर्ती नाही, क्रूस नाही, दीप नाही, वाद्य नाही. आणि नवल वाटेल, नाताळही नाही. चार भिंती, एक उंच व्यासपीठ, त्यावर पवित्र शास्त्राचा ग्रंथ, आणि समोर बाके. आपल्याकडील एखाद्या भाविक बाईने तेथे डोकावून पाहिले असते तर तिने "देव कोठे आहे?" असे विचारले असते, आणि त्या पाद्र्याला तोच प्रश्न फार आवडला असता.

हा ओकाबोका साधेपणा आला कोठून? १५६० साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने पोपची सत्ता झुगारली. त्या चळवळीचा पुढारी जॉन नॉक्स हा जिनीव्हा येथे कॅल्व्हिनजवळ शिकून आलेला. त्यांचा सिद्धांत असा की, उपासनेत जे शास्त्राने आज्ञापिलेले नाही ते निषिद्धच समजावे. ल्यूथरचे अनुयायी म्हणत, शास्त्राने जे निषेधिले नाही ते चालेल. वरवर पाहता दोन्ही वाक्ये सारखीच वाटतात. परंतु पहिल्या वाक्याने स्कॉटलंडातली देवळे रिकामी केली. मूर्ती गेल्या, रंगीत काचा गेल्या, ऑर्गन मोडून काढले, सणवार बंद झाले. येशूचा जन्म डिसेंबराच्या पंचविसाव्या तारखेस झाला असे शास्त्रात कोठे लिहिले आहे? नाही ना? मग तो सण कशाला? नाताळची सुटी तेथे १६४० साली कायद्यानेच काढून टाकण्यात आली. स्कॉटलंडात हा दिवस सार्वजनिक सुटीचा झाला तो १९५८ साली. म्हणजे आमच्या शाळांना नाताळची सुटी मिळत होती तेव्हाही खुद्द स्कॉटलंडातले लोक त्या दिवशी कामावर जात होते!

गाणे मात्र त्यांना टाकता येईना, कारण स्तोत्रे गा अशी शास्त्राचीच आज्ञा. म्हणून जुन्या करारातील दाविदाची दीडशे स्तोत्रे, ज्यांस मराठी शास्त्रात स्तोत्रसंहिता म्हणतात, तेवढीच गावयाची. माणसाने रचलेले गीत देवापुढे म्हणावयाचे नाही. ही स्तोत्रे पद्यात बसवून १६५० साली त्यांचे पुस्तक कायम झाले. त्यातील बहुतेक स्तोत्रे एकाच वृत्तात आहेत. पहिल्या चरणात आठ अक्षरे, दुसऱ्यात सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. वृत्त एकच असल्यामुळे कोणतेही स्तोत्र कोणत्याही चालीवर म्हणता येई, आणि कित्येक गावांत डझनभर चालींवर सगळी दीडशे स्तोत्रे निभावत. आपल्याकडे जात्यावरच्या एकाच ओवीच्या चालीत रामाचा वनवास आणि भावाचे मुऱ्हाळीपण दोन्ही सामावतात, त्यातलाच प्रकार.

ही स्तोत्रे म्हणण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. पुष्कळांस वाचता येत नसे, पुस्तके महाग. म्हणून चाल धरणारा एक गृहस्थ व्यासपीठाखाली उभा राही. त्यास प्रिसेंटर म्हणत. तो एक ओळ म्हणे आणि बाकीची मंडळी ती ओळ उचलून लांबवीत, प्रत्येक जण आपापल्या गळ्याप्रमाणे तीत वळणे घालून. मग दुसरी ओळ. १६४५ साली वेस्टमिन्स्टर येथे उपासनेचा जो नियमग्रंथ झाला त्यातही निरक्षरांकरिता ही सोय सांगितलेली आहे. वाद्य नाही, ठेका नाही, केवळ कंठ. आपल्या दिंडीत विणेकरी चरण काढतो आणि मागचे टाळकरी तो झेलतात. टाळमृदंग वजा केला तर रीत तीच. हे साम्य पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती.

त्या शब्दांविषयी त्यांचा आदर इतका की, चालीचा सराव करताना स्तोत्राचे शब्द वापरणे त्यांस पाप वाटे. सरावासाठी वेगळेच काहीबाही शब्द जुळवीत, कधी अगदी पोरकट. आणि देवाचे शब्द रविवारच्या उपासनेपुरते राखून ठेवीत.

यावरून ही माणसे शुष्क होती असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गोडी कानाला लागली की अर्थ निसटतो, ही त्यांची भीती होती आणि ती अगदीच खोटी नाही. आपल्या कोकणात डबलबारीची भजने रात्रभर चालतात. दोन बुवांची चढाओढ ऐकून पहाटे घरी परतणाऱ्यास कोणकोणते अभंग झाले ते विचारून पाहावे. चाली सगळ्या आठवतील.

हा साधेपणा त्यांनी जिवापाड जपला. १६३७ च्या जुलैत राजा पहिला चार्ल्स याने इंग्लंडच्या धर्तीचे छापील प्रार्थनापुस्तक स्कॉटलंडवर लादले. एडिंबरोच्या सेंट जाइल्स देवळात डीन ते वाचू लागताच एकच गलका झाला आणि बायकांनी बसण्याची स्टुले त्याच्या अंगावर भिरकावली. पहिले स्टूल जेनी गेडिस नावाच्या भाजीवालीने फेकले अशी आख्यायिका आहे. पुढल्याच वर्षी, १६३८ च्या फेब्रुवारीत, ग्रेफ्रायर्सच्या देवळी लोकांनी राष्ट्रीय करारपत्रावर सह्या केल्या आणि त्यातून युद्धे उद्भवली. प्रार्थना छापलेली वाचावी की मनातून करावी, एवढ्यावरून! पण खोल पाहिले तर प्रश्न असा होता की, आमच्या देवाशी आम्ही कोणत्या शब्दांत बोलावे हे लंडनने का ठरवावे? परक्या सत्तेखाली वाढलेल्या पिढ्यांस हा राग समजावून सांगावयास नको.

आता प्रभुभोजनाविषयी थोडे सांगावयाचे आहे, कारण आपल्या देशात सर्वांत कठीण गोष्ट हीच ठरली. येशूने शिष्यांसह जे शेवटचे भोजन केले त्याच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा हा विधी. रोमन पंथात व इंग्लंडच्या चर्चमध्ये तो गुडघे टेकून घेत. स्कॉच म्हणाले, भोजन आहे ना? मग बसून जेवा. देवळात लांबच लांब मेज मांडीत, त्यावर पांढरे कापड अंथरीत, आणि जमीनदार, विणकर, गुराखी सगळे एका ओळीत बसत. भाकरीचे ताट आणि एकच पेला हातोहात फिरे. येण्यापूर्वी वडीलमंडळ प्रत्येकाची परीक्षा घेई आणि योग्य ठरलेल्यास शिशाचा लहानसा बिल्ला देई. तो दाखविल्यावाचून मेजाशी जागा नाही. हा विधी बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदोनदाच होई, पण त्यासाठी आसपासच्या गावांची माणसे लोटत आणि चारचार दिवस प्रवचने चालत. आपल्याकडील सप्ताहाचेच स्वरूप.

एक पंगत आणि एक पेला! स्कॉटलंडात याचा अर्थ भक्तीपुरता होता. कोकणात आणि देशावर तो जातीवर घाला होता. पाण्यात डोके भिजवून घेतल्याने जात जाते की नाही यावर एखादे वेळी शास्त्रार्थ करता आला असता. पण कोणाच्याही ओठाचा पेला आपल्या ओठास लावल्यावर शास्त्रार्थास जागाच उरत नव्हती. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेते झाले. पुढे दीक्षित पाद्री होऊन त्यांनी जालन्याकडे काम केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल नावाचे गाव वसविले. त्यांच्या मंडळीत मांग समाजाचे लोक पुष्कळ होते. एकोणिसाव्या शतकात एक ब्राह्मण आणि त्याच्याभोवती मांग, एका मेजाशी, एका पेल्याने. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, या दृश्यापुढे क्षणभर थांबलेच पाहिजे.

गायनाच्या प्रश्नाकडे परत येतो. बाणकोटच्या या मंडळींपुढे अडचण निराळीच उभी राहिली. स्तोत्रे गावयाची तर मराठीत गावयाची. मराठीत कोणत्या वृत्तात आणि कोणत्या चालीवर? त्यांनी, आणि त्यांच्या आधी मुंबईस आलेल्या अमेरिकन पाद्र्यांनी, जो मार्ग धरला तो सोपा दिसणारा होता. विलायती चाल घ्यावी आणि तिच्या मापाचे मराठी शब्द बेतावेत. घोटाळा येथेच झाला. इंग्रजी पद्य आघातावर चालते. एक अक्षर हलके, एक जोराचे. मराठीत आघात जवळजवळ नाहीच. येथे ऱ्हस्वदीर्घ चालते. आता 'देव' हा शब्द त्या हलक्या-जोरकस जोडीवर ठेवून पाहा. 'दे' चटकन् उरकावा लागतो आणि 'व' लांबतो. ऐकणाऱ्यास कोणी हाक मारीत आहे असे वाटते. वर्गात मुलांकडून कविता म्हणवून घेताना मात्रा चुकली तर शिक्षकाचा कान टवकारतो. तशा शेकडो चुका एका बैठकीत ऐकून त्या काळच्या मराठी माणसास काय वाटले असेल याची कल्पना मी करू शकतो.

आणि येथेच मला या इतिहासातील मोठे कोडे दिसते. ही मंडळी अडाणी नव्हती. जॉन स्टीव्हन्सन यांनी १८३३ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, सामवेदाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत दख्खनच्या विठ्ठलभक्तांवर निबंध लिहिला. मरे मिचेल यांनी १८४९ साली मुंबई शाखेच्या पत्रिकेत तुकारामाचे चरित्र दिले. नेस्बिट यांचे मराठी इतके शुद्ध की पडद्याआडून ऐकणाऱ्यास ते परके वाटू नयेत, अशी त्यांची ख्याती. त्यांच्याच हाताखाली बाबा पदमनजी शिकले, ज्यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. म्हणजे अभंग काय आहे, तो हजारोंच्या तोंडी कसा आहे, त्यात भक्तीचा केवढा साठा आहे, हे या माणसांस पक्के ठाऊक होते. अभ्यासिकेत त्यांनी तुकाराम वाचला, छापला, वाखाणला. पण रविवारच्या उपासनेत अभंगास दार उघडले नाही.

का उघडले नाही? परक्या धर्माचा वास त्यास येतो ही एक धास्ती होतीच. टाळ वाजला की विठोबा आठवणार, आणि ज्याने घरदार सोडून बाप्तिस्मा घेतला त्याच्या मनात जुने सगळे उसळून येणार, असेही त्यांस वाटले असावे. पण माझा कयास असा आहे की, खरे मूळ त्या १५६० च्या वाक्यात होते. ज्यांच्या घरी खुद्द ख्रिस्ती कवींची गीतेसुद्धा उपासनेत शंकास्पद, तेथे देहूच्या वाण्याच्या छंदास कोण विचारतो? आणि गंमत पाहा, स्कॉच स्तोत्रवृत्त आणि अभंग यांचे हाड एकच आहे. दोन्ही अक्षरे मोजून चालतात; तिकडे आठ-सहा-आठ-सहा, इकडे मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार. इंग्रजी चालीवर मराठी शब्द ताणण्याऐवजी नुसते छंदच बदलले असते तर स्तोत्रसंहिता कोकणातल्या जात्यावरसुद्धा गेली असती.

१८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. ती उपासनेवरून नव्हती. गावाचा पाळक जमीनदाराने नेमावा की मंडळीने पसंत करावा, यावरून होती. साडेचारशेंहून अधिक पाळक आपली घरे व पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापिले. हिंदुस्थानातील मिशनरीही त्यांस मिळाले, आणि मुंबईची इमारत सोडून त्यांना नव्याने जागा शोधावी लागली. मुंबईचे सेंट अँड्र्यूज हे १८१९ साली उघडलेले देऊळ मात्र जुन्या चर्चकडेच राहिले. स्टीव्हन्सनही तेव्हा सरकारी धर्मोपदेशक असल्याने तिकडेच राहिले.

यानंतरच्या वीस वर्षांत खुद्द स्कॉटलंडातच वारे फिरू लागले. १८०७ साली ग्लासगोच्या एका देवळात ऑर्गन वाजविला तेव्हा तेथील धर्मसभेने तो ताबडतोब बंद पाडला होता. स्कॉच लोक ऑर्गनास तुच्छतेने 'किस्ट ओ व्हिसल्स' म्हणत. किस्ट म्हणजे पेटी, शिट्ट्यांची पेटी. पण १८५७ पासून एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स देवळात, ज्याच्या आवारात ते करारपत्र झाले होते त्याच ठिकाणी, रॉबर्ट ली या पाळकाने सुधारणा आरंभिल्या. तोवर लोक बसून गात आणि उभे राहून प्रार्थना करीत. ली म्हणाला, उभे राहून गा आणि गुडघे टेकून प्रार्थना करा. त्याने प्रार्थना छापून वाचावयास सुरुवात केली. १८६३ साली त्याने देवळात हार्मोनियम आणला आणि १८६५ साली ऑर्गन बसविला. धर्मसभेत त्याच्यावर वर्षानुवर्षे खटला चालला. १८६६ साली सभेने वाद्याचा निर्णय स्थानिक धर्मसभांवर सोपविला, म्हणजे दार किलकिले झाले. पण लीची प्रार्थनापुस्तकाची फिर्याद निकालात निघण्यापूर्वीच तो घोड्यावरून पडून आजारी झाला आणि १८६८ साली वारला. फ्री चर्चनेसुद्धा १८८३ साली वाद्यास मुभा दिली.

हा हार्मोनियम पॅरिसच्या दबेन नावाच्या कारागिराने १८४२ साली नोंदविलेला. पाद्र्यांच्या आणि साहेबांच्या सामानातून तो हिंदुस्थानात आला, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्यास जमिनीवर बसून एका हाताने भाता चालविता येईल असे रूप दिले, आणि पाहता पाहता तो आपला झाला. आपल्या नाटकास, कीर्तनास, भजनास पेटीवाचून चालेना. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तीस मैफलीत मान मिळवून दिला. नावही आपण ठेवले ते 'पेटी'. स्कॉच लोकांनी जो शब्द शिवीसारखा वापरला तोच आपण लाडाने वापरला.

आणि तरीही ही पेटी एका देवळाबाहेर राहिलीच. ज्या आकाशवाणीवरून मी हे बोलत आहे तिने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. कारण असे की, हे वाद्य परके, यावर मींड निघत नाही, श्रुती अचूक लागत नाहीत, आणि त्यामुळे रागाची शुद्धता बिघडते. रवींद्रनाथांनाही ते पसंत नव्हते. शुद्धतेची चिंता केवळ एडिंबरोच्या पाळकांनाच असते असे नव्हे.

असो. मराठी उपासनेचे बंद दार उघडले ते मात्र आतून, आपल्याच माणसांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने उभी केली. पूर्वरंग, उत्तररंग, झांज, सगळे आपले, कथा मात्र येशूची. त्यानंतर आले नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ साली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते अमेरिकन मराठी मिशनचे, स्कॉच मंडळीचे नव्हेत. परंतु दोन्ही पंथ त्याच कॅल्व्हिनच्या शाळेतले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे टिळक सांगत. त्यांनी अभंग, ओव्या, पदे अशी दोनशेंहून अधिक भक्तिगीते मराठी उपासनेस दिली. स्टीव्हन्सन आणि मरे मिचेल यांनी अभ्यासिकेत ठेवलेला ठेवा टिळकांनी देवळात आणून ओतला, आणि मंडळीने तो असा उचलला की आज 'उपासना संगीत' उघडल्यावर टिळकांवाचून पाने उलटत नाहीत. टिळक १९१९ साली गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपण सारे वाचतो. पण टिळकांची गीते ख्रिस्ती घरांबाहेर फारशी कोणी गात नाही. ही उणीव आपली आहे.

बाणकोट आणि हर्णे येथील मिशन थोड्याच वर्षांत मुंबई-पुण्याकडे निघून गेले. रत्नागिरीस १८७३ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आले. वडीलमंडळाने कारभार पाहावा, पाळक मंडळीने निवडावा, मेजाशी बसून प्रभुभोजन घ्यावे, हे स्कॉटलंडचेच वळण अमेरिकेला वळसा घालून आपल्या गावी पोहोचले. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले तेव्हा त्यात इंग्लंडच्या धर्तीचे बिशप आणि छापील उपासनाविधी मानणारे अँग्लिकनही सामील झाले. ज्या पुस्तकावरून १६३७ साली स्टुले उडाली त्याचे वंशज आणि स्टूल फेकणाऱ्यांचे वंशज आता एका छपराखाली बसतात, आणि तेथे पेटी वाजते, तबला वाजतो, टिळकांचे अभंग म्हटले जातात.

स्कॉटलंडात काय झाले? १९०० साली फ्री चर्चचे बहुतेक लोक दुसऱ्या पंथास मिळाले. जे थोडे राहिले त्यांनी वाद्ये आणि नवी गीते पुन्हा बंद केली, आणि ती बंदी पुढे शंभर वर्षांहून अधिक टिकली. २०१० च्या नोव्हेंबरात त्यांच्या सभेने ९८ विरुद्ध ८४ मतांनी ती उठविली. ज्या मंडळीस हवे असेल तिने वाद्य घ्यावे, नको तिने घेऊ नये. मोठ्या चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये ऑर्गनच काय, गिटारही रुळली आहे. मात्र १९५० नंतर तेरा लाखांवर गेलेली त्याची सभासदसंख्या आता तीन लाखांच्याही खाली आली असून कित्येक देवळे विकली जात आहेत. पश्चिमेकडील लुईस बेटावर मात्र गेलिक भाषेत स्तोत्रे म्हणणाऱ्या मंडळ्या अजून आहेत. तेथे वाद्य नाही. एक जण उठून ओळ काढतो, आणि बाकीचे ती झेलतात.